बाळंतविड्यातला पडदा

दोरीचा पडदा मी शिवत नाही. वसमतमध्ये आता बऱ्याच जणींना हे ठाऊक झालंय, तरी मधूनमधून एखादी येतेच आणि मोबाइल उघडून माझ्या मशीनवर ठेवते. "मावशी, असा पायजे. दोरी वढली की घड्या पडत वर जातो बघा." मी फोटो बघते. फोटो छानच असतो. मग विचारते, "घरात लहान लेकरू हाय का?" हो म्हणाली की मोबाइल तिच्या हातात परत देते. नाही म्हणाली तरी परत देते, कारण आज नाही ते उद्या होईल, आणि पाहुण्याचं लेकरू काही विचारून खिडकीपाशी जात नाही. परवा एक बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "तुमी न्हाई शिवला तर दुसरीकडून शिवून घेईन." म्हटलं, घे, पण माझ्या सुईनं नाही. माझं तोंड फटकळ आहे आणि त्यानं गिऱ्हाईक तुटतं, हे मला कळतं. पण जित्याची खोड, काय करणार!

या पडद्यांची हौस आधी मलाच होती, हेही मी लपवत नाही. ब्लाऊज आणि फॉल-पिको करण्यात माझी निम्मी हयात गेली. मग घरोघरी स्लॅबच्या खोल्या झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या आणि बायका पडदे शिवून मागायला लागल्या. त्यातच मोबाइलवर तो पडदा पाहिला आणि दोन दिवस डोक्यातून गेला नाही. मागच्या अंगाला आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना छोट्या कड्या, कड्यांतून वर चढवलेली बारीक नायलॉनची दोरी आणि बाजूला खाली सोडलेली तिची टोकं. ओढलं की पडदा वर, सोडलं की खाली. कुणी शिकवायला नव्हतं. शिवायचं, चुकायचं, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, असं करत मी तो बसवला.

पहिला मनासारखा जमलेला पडदा मी नातीसाठी ठेवला. लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं. बाळाला घेऊन ती सासरी निघाली की माहेरचा बाळंतविडा सोबत जातो: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, खुळखुळे. सासरच्या आळीतल्या बायका जमून एकेक वस्तू उलगडून बघतात, आणि त्यावरून माहेरची पारख होते. मी या सगळ्याच्या वर तो पडदा ठेवला होता. पिवळं कापड, त्यावर हिरवे पोपट, खाली झालर. जावयांनी नवी खोली बांधली होती, तिच्या खिडकीचं माप मी आधीच मागवून घेतलं होतं. पडदा बसल्यावर विहीणबाईंनी तो दोनदा वर-खाली करून पाहिला. म्हणाल्या, "आमच्या आळीत न्हाई असला कुणाकडं." मी इतकी फुगले की परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा तो पडदा तोंडी शिवून दाखवला.

त्यात एक चूक होती आणि ती मी माझ्या हातानं केली होती. दोरीची दोन टोकं खाली-वर लोंबायची. ते दिसायला वाईट, म्हणून दोन्ही टोकं जुळवून मी निरगाठ मारली. काम सुबक झालं. त्या गाठीमुळे खिडकीच्या कडेला दोरीचा मोठा फेरा लोंबत राहिला, इकडे माझं लक्षच गेलं नाही. पुढे जितके पडदे शिवले, तितक्यांना मी हीच गाठ मारत गेले.

नात दीड वर्षाची झाली तेव्हाची गोष्ट. दुकानात नमुन्याचा एक पडदा मी आतल्या खिडकीला लावून ठेवला होता. दुपारी एक बाई ब्लाऊज टाकायला आली. सोबत तिची दोन वर्षांची पोरगी. बाई नाडीच्या लटकनांचा डबा चाळत होती, मी मशीनवर होते, पोरगी आमच्या पाठीमागे चिंध्यांशी खेळत होती. मधेच मान वर केली तर नमुन्याचा पडदा आपोआप वर चाललेला. वारा नाही, कुणी ओढत नाही आणि पडदा वर चाललाय. मी वेड्यासारखी पडद्याकडेच बघत राहिले. मग खाली पाहिलं.

पोरगी खिडकीखाली गुडघ्यांत वाकून बसल्यासारखी दिसत होती. पण ती बसलेली नव्हती. तिची हनुवटी दोरीच्या फेऱ्यात होती आणि सगळं अंग त्या फेऱ्यावर गेलं होतं. ती रडत नव्हती. हातपायही झाडत नव्हती. मी उठले तेव्हा स्टूल मागे पडलं. आधी तिला दोन्ही हातांनी वर उचललं आणि मग फेरा काढला. ती खोकली, आणि मग जो टाहो फोडला तो ऐकून तिची आई वळली. तोवर त्या माउलीला काही कळलंच नव्हतं. आम्ही दोघी दोन हातांवर होतो. आम्ही तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हटल्यावर मी तिथल्याच बाकावर बसले.

बाकावर बसल्या बसल्या मला लेकीच्या सासरची, आखाडा बाळापूरची ती खोली दिसली. खिडकीला लागून दिवाण. नात आता झोळीत मावत नाही म्हणून दिवाणावर झोपते, हे लेकीनंच सांगितलं होतं. वाऱ्यासाठी उशी खिडकीकडे. आणि उशीच्या वर माझी सुबक गाठ.

घरी येऊन लेकीला फोन लावला. म्हटलं, "त्या पडद्याची दोरी आत्ताच्या आत्ता कापून टाक." मग ती म्हणाली, "वर बांधते मी." म्हटलं, "वर बांधू नको, काप." ती म्हणाली, "आत्याबाई इथंच हायेत, ठेवते." आत्याबाई म्हणजे तिची सासू. माझी लेक मुळातच अबोल. लहानपणी पायात काटा मोडला तरी संध्याकाळी लंगडायला लागल्यावर आम्हाला कळायचं. त्या अबोलपणाचा मला त्या दिवशी फार राग आला. घरी यांना एवढंच सांगितलं की सकाळची एसटी धरून मी बाळापूरला जाते.

लेकीच्या सासरी आईनं असं सणवार नसताना, न कळवता जायचं नसतं. गेलंच तर चहापाणी घ्यावं, ख्यालीखुशाली विचारावी आणि निघावं. तिथल्या घरात लेकीच्या आईनं हे काढा, ते हलवा म्हणणं म्हणजे लेकीला पुढं वर्षभर ऐकून घ्यायला लावणं. हे सगळं मला ठाऊक होतं. एसटीत मी स्वतःला बजावत गेले, की बाई, गोड बोल. आणि हेही ठरवून गेले की ती दोरी काढल्याशिवाय त्या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मग लेकीच्या संसारात माझं नाव कसंही निघो.

विहीणबाई दारात होत्या. शेळ्या-मेंढ्या पाळणारं घर. व्याही कळप घेऊन रानात गेले होते आणि जावई टेम्पोवर बाहेरगावी. विहीणबाईंनी मला बघितलं आणि आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "असं अचानक काहून येणं केलं, विहीणबाई? समदं बराबर हाय ना?"

"बराबर हाय. नातीची आठवण आली," मी म्हणाले आणि सरळ खोलीत गेले.

तिथं जे दिसलं त्यानं माझं गोड बोलणं संपलं. नात दिवाणावर उभी होती. पडदा वर ओढून दोरी वरच्या खिळ्याला अडकवलेली होती, त्यामुळे तिचा फेरा चांगला लांब खाली आला होता. आणि त्या फेऱ्याच्या तळाला, माझ्या गाठीपाशी, बाळंतविड्यातलाच एक खुळखुळा बांधलेला होता. लेकरू दोन्ही हातांनी फेरा धरून खुळखुळा वाजवत होतं आणि हसत होतं.

"हे कुणी बांधलं?"

"म्या बांधलं," विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "घडीभर रमतंय लेकरू. तेवढ्यात आमची कामं व्हत्यात."

मी नातीला उचलून खाली ठेवलं आणि खुळखुळा सोडून तिच्या हातात दिला. पिशवीतून कात्री काढली. ती अशी उघड काढली हे चुकलं, की गुपचूप काढली असती तर जास्त चुकलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. विहीणबाई मधे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करून राहिल्या तुमी?"

मी सांगितलं. दुकानातली पोरगी, आपोआप वर गेलेला पडदा, दवाखाना. भरभर आणि कसंतरीच सांगितलं. माझा आवाज चढला. विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"सकाळच्या पारी लेकराम्होरं असलं काही बोलू ने," त्या म्हणाल्या. "आन बाळंतविड्याला कातर लावत न्हाईत आमच्यात. लेकराची वस्तू फाटली तर फाटू द्यावी, जुनी झाली तर दुसऱ्या लेकराला द्यावी. कातर न्हाई लावायची. तुमच्यात लावत्यात का?"

आमच्यातही लावत नाहीत. मी कात्री पिशवीत परत टाकली. लेक दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत उभी होती. माझ्या बाजूनं एक शब्द बोलेल तर शपथ! मला वाटलं, या पोरीला आत्ता गदागदा हलवावं.

विहीणबाईंनी तोडगा काढला. त्यांनी दोरी गोळा करून वरच्या खिळ्याला गुंडाळली. "झालं. आता तकलीफ न्हाई." मी नातीला पुन्हा दिवाणावर उभं केलं आणि बाजूला झाले. नात उशीवर चढली, उशीवरून खिडकीच्या कट्ट्यावर पाय ठेवला, गजाला धरलं आणि खिळ्यापर्यंत हात नेला. दोन झटक्यांत दोरी खाली. मग ती आमच्याकडे वळून बघायला लागली, की आता शाबासकी द्या.

"आपुन असल्यावर ध्यान ऱ्हातं," विहीणबाई म्हणाल्या, पण आवाज जरा उतरला होता. "चला, च्या घ्या. मला करडांचं बघायचंय."

चहा मी तसाच ठेवला. नातीला कडेवर घेऊन मी त्यांच्या मागोमाग गोठ्याकडे गेले. तिला त्या खोलीत ठेवायला माझी तयारी नव्हती. कळप रानात असला तरी लहान करडं घरीच असतात. दोन डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकलेली, तीन मोकळी. विहीणबाईंनी डालगं उचललं, करडांना दाव्याला बांधलं. त्यांच्या गळ्यातली दावी मी बघत होते. बारीक दोरी नाही, जुन्या लुगड्याच्या रुंद पट्ट्या. गाठ निरगाठ, आणि प्रत्येक गाठ मारल्यावर विहीणबाई पट्टीखाली दोन बोटं घालून बघत होत्या. मग त्यांनी पाल्याची पेंढी मेढीला, गोठ्याच्या लाकडी खांबाला, टांगली. पेंढीची दोरी उरली होती, तिचा फेरा खाली लोंबला. त्यांनी विचारही न करता तो फेरा सोडला, दोरी मेढीला वरपर्यंत गच्च गुंडाळली आणि शेवट आत खोचला. हात सवयीनं चालत होते.

"ती दोरी काहून गुंडाळली?" मी विचारलं.

"आता तुमाला शेरडाचं काय ठावं," त्या हसल्या. "फेरा लोंबता ठेवला की करडू मुंडी घालतं त्यात. मागं सरकायचं त्याला कळत न्हाई, म्होरंच रेटतं. फास बसतो."

"वरडत न्हाई?"

"वरडाया गळा मोकळा नगं का? एक गेलं माझं तसं. म्या हितं, ह्या चुलीपाशी व्हते. भाकर थापून राहिले व्हते. काहीच आवाज न्हाई. भाकर उतरवली आन बघितलं तर..."

त्यांच्या हातात पाल्याची एक डहाळी होती, ती तशीच राहिली. मी एसटीत ठरवलेलं, घोकलेलं सगळं विसरले होते.

"लेकरूबी वरडत न्हाई, विहीणबाई. मी दोन हातांवर व्हते."

विहीणबाईंनी माझ्या कडेवरच्या नातीकडे बघितलं. मग डहाळी करडापुढं टाकली, पदराला हात पुसले आणि तरातरा खोलीकडे निघाल्या. मी मागे. त्या दिवाणापाशी जाऊन उभ्या राहिल्या, दोरीचा तो फेरा हातात धरला आणि त्याच्यात स्वतःची मूठ घालून बघितली. दुसरी मूठ घातली. तरी जागा उरत होती. "गोठ्यात एक फेरा ठेवत न्हाई म्या," त्या म्हणाल्या, "आन हितं खुळखुळा बांधला. माझ्या हातानं." त्यांचा आवाज फाटला. मला वाटलं होतं की त्या हरल्या की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. गाठ माझी होती.

"गाठ मी मारली, विहीणबाई," मी म्हणाले. "तुमी नुसता खुळखुळा बांधला."

मग त्यांनीच वाट काढली. "कातर न्हाई लावायची," त्या म्हणाल्या. "तुमी शिवलं ना? मग उसवा. उसवायला काही आडकाठी न्हाई."

एवढी साधी गोष्ट, आणि जन्म शिवण्या-उसवण्यात गेलेल्या मला ती सुचली नव्हती! पडदा खाली उतरवला. मी गाठ सोडली, दोरी वरच्या कड्यांतून ओढून काढली. विहीणबाईंना वाटलं झालं. मी म्हटलं, नाही, मागच्या प्रत्येक कडीतून गेलेली दोरी बाहेर आली पाहिजे. लेकरू पडद्यामागे लपतं, बोट घालून तिथूनही फेरा ओढून काढतं. त्यांनी मान हलवली आणि दिवाणाचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. दिवाण समोरच्या भिंतीला नेला. खिडकीखाली उशी नाही, डबा नाही, चढायला काही म्हणून ठेवलं नाही. "आता ह्या खिडकीत कुणी काही बांधलं तर त्याचे हात बांधीन मी," असं विहीणबाईंनी घरातल्या न आलेल्या माणसांनाही आधीच सांगून टाकलं आणि त्या नातीला घेऊन करडांकडे गेल्या. पडद्याला वरून नुसती नळी घालायची आणि हातानं बाजूला सारायचा, असं ठरलं.

मी आणि लेक खाली बसून कड्या उसवायला लागलो. माझ्याकडे टाके काढायची उसवणी होती, तिच्याकडे सुई. एकेक टाका काढायचा, कडी वेगळी करायची. बऱ्याच कड्या निघाल्या. मी वर न बघता म्हणाले, "काल फोनवर काप म्हटलं तर काय झालं होतं तुला?"

तिची सुई थांबली.

"आई, एकदा झालं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. "काय झालं व्हतं?"

"मी हितंच कपड्यांच्या घड्या घालून राहिले व्हते. पाठ व्हती माझी. खुळखुळा वाजायचा थांबला म्हणून वळले." ती अगदी हळू बोलत होती. "लगेच काढलं मी. काही झालं न्हाई. हनुवटीखाली लाल वळ आला व्हता, दोन दिवस ऱ्हायला. आत्याबाईंना म्हणले, झबल्याचा गळा काचला. तवापासून मी रोज दोरी वर गुंडाळते. त्या खेळायला पुन्हा सोडत्यात. त्यांना काय ठावं!"

माझ्या हातातली उसवणी खाली पडली. वाजायचा थांबला. एका खुळखुळ्यावर माझी नात वाचली होती, आणि तो नसता तर त्या फेऱ्यापाशी गेलीही नसती, हे दोन्ही एकदम माझ्या डोक्यात आलं. मला ओरडायचं होतं. हात उगारला गेला होता, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. मी तो खाली घेतला.

"मला काहून सांगितलं न्हाई? सासूला न्हाई, पण मला?"

"तू किती हौसेनं शिवला व्हतास," ती म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं."

बाहेर विहीणबाई नातीला करडू दाखवत होत्या, तिचं हसणं ऐकू येत होतं. मी लेकीची हनुवटी धरून तोंड वर केलं. दीड वर्षाच्या पोरीची आई झाली होती, आणि अजून पायातला काटा लपवत होती, आणि या वेळी तो माझ्यासाठी लपवला होता.

"वाटू दे ना मग वाईट," मी म्हणाले. "रोज वाटू दे. रडीन, भांडीन, चार दिवस जेवणार न्हाई. पण तू सांगत जा. माझ्या वाईट वाटण्याला गळा न्हाई, तिला हाय."